गोड बोलते, पण ठोकळे का जुळत नाहीत? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मुलांच्या जागेच्या समजेबद्दल लिहिलं होतं, म्हणजे वस्तू कुठे आहे, ती फिरवली तर कशी दिसेल, इथून तिथे कसं जायचं, हे सगळं मुलं कशी शिकतात त्याबद्दल. त्यावर आलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की बऱ्याच घरांत ही समज म्हणजे एकच काहीतरी आहे असं धरून चालतात, मुलाला ती एकतर आहे नाहीतर नाही. तसं अजिबात नसतं आणि या वेळची जवळजवळ सगळी उत्तरं त्याच मुद्द्यापाशी येतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढून टाकली आहेत.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला विल्यम्स सिंड्रोम आहे. बोलते इतकं छान की लोक बघत राहतात, एकदा ऐकलेली गोष्ट हावभावांसकट सांगते, कुणाचा चेहरा विसरत नाही. पण समोर चार ठोकळ्यांची नक्षी ठेवली तर तशी जुळवता येत नाही. घराचं चित्र काढलं तर दार एकीकडे, छप्पर तिसरीकडेच. जिना उतरताना घाबरते. घरातले मोठे म्हणतात एवढं बोलता येतं म्हणजे डोकं आहे, हे सगळं नाटक आहे. खरंच नाटक असू शकतं का? : एक आई

नाही. हे मी अगदी ठामपणे लिहितेय कारण तुमच्या मुलीवर होणारा हा आरोप थांबायला हवा, आणि हे उत्तर घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या क्रोमोसोमच्या एका प्रतीतला छोटासा तुकडा नसतो, त्यात साधारण पंचवीस-सव्वीस जीन्स जातात. बहुतेक वेळा हे आईवडिलांकडून आलेलं नसतं, आपोआप घडलेलं असतं, त्यामुळे कुणी स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. न्यूझीलंडच्या जे. सी. पी. विल्यम्स यांनी १९६१ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा लक्ष होतं ते हृदयाच्या तक्रारीकडे. पुढे अमेरिकेत साल्क इन्स्टिट्यूटमध्ये उर्सुला बेलुगी यांनी या मुलांच्या बोलण्याचा आणि चित्रांचा अभ्यास केला तेव्हा तुम्ही लिहिलंय तेच समोर आलं, की मूल हत्तीबद्दल भरभरून बोलतं, सोंड, कान, पाय सगळं सांगतं, आणि त्याच मुलाला हत्ती काढायला सांगितला तर कागदावर सुटे सुटे भाग येतात, त्यांचा हत्ती होत नाही. म्हणजे तुमच्या मुलीचं एकीकडे पडलेलं दार आणि तिसरीकडे गेलेलं छप्पर ही या सिंड्रोमची अगदी ओळखीची खूण आहे. ठोकळ्यांची नक्षी जुळवणं आणि चित्र उतरवून काढणं या दोन कामांत विल्यम्स असलेली मोठी माणसंसुद्धा खूपदा चार ते सहा वर्षांच्या मुलाच्या आसपास राहतात. त्यात आळस नाही आणि नाटक तर नाहीच नाही.

आता गंमत बघा, चेहरे ओळखणं हेसुद्धा शेवटी डोळ्यांनी बघण्याचंच काम आहे ना, मग ते कसं जमतं? तर मेंदूत डोळ्यांकडून आलेली माहिती ढोबळमानाने दोन वाटांनी जाते. एक खालची वाट, ती "हे काय आहे" याचं काम बघते, चेहरे, वस्तू, रंग. दुसरी वरची वाट, ती "हे कुठे आहे आणि इथपर्यंत हात कसा न्यायचा" हे बघते. विल्यम्समध्ये खालची वाट बऱ्यापैकी धड असते आणि वरच्या वाटेला फटका बसलेला असतो. जेनेट अॅटकिन्सन यांच्या गटाने मुलांना एक साधं काम दिलं होतं, तिरक्या फटीत कार्ड टाकायचं, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकतो तसं. फट किती तिरकी आहे हे नुसतं कार्ड तसं धरून दाखवणं विल्यम्सच्या मुलांना त्यातल्या त्यात जमत होतं, पण हात पुढे नेऊन ते आत टाकताना जास्त चुका होत होत्या. जिन्याचं पण हेच, पायरी दिसते पण पाऊल किती खाली जाईल याचा अंदाज येत नाही, म्हणून भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. कठड्याला हात लावू द्या, पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा, घाई करू नका.

आता काय करायचं. बार्बरा लँडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही मुलं ठोकळे जुळवताना त्यांची नजर कुठे जाते ते तपासलं. सोप्या नक्षीत ही मुलं इतर मुलांसारखीच नमुन्याकडे वळून वळून बघत होती, पण नक्षी अवघड झाली की नमुना तपासणंच कमी होत गेलं. म्हणून चार ठोकळ्यांनी सुरुवात करू नका, दोनच घ्या, आणि प्रत्येक ठोकळ्यानंतर "आता नमुन्याकडे बघ, सारखं आहे का?" एवढंच विचारा. नक्षीवर जाड रेघा मारून तिचे भाग वेगळे दाखवले तर अजून सोपं जातं. तिच्या बोलण्याचा तर पुरेपूर उपयोग करा, "लाल बाजू वर, पांढरी बाजू तुझ्याकडे" असं तिने स्वतः मोठ्याने म्हणत म्हणत करावं. फक्त एक लक्षात ठेवा, वर-खाली आणि उजवं-डावं यांत तिची गल्लत होऊ शकते. या मुलांना बऱ्याचदा उभी रेघ की आडवी हे कळतं पण त्या रेघेवर कुठली बाजू हे चुकतं. त्यामुळे नुसते शब्द नकोत, सोबत हाताने खूणही करा. आणि बटणं, चेन, बुटाची नाडी यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची, मदत घ्या, ती चैन नाही, गरज आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. ३ लिहायला सांगितला की ६ लिहितो, इंग्रजी बी आणि डी सतत उलटे. बूट उलट्या पायात घालतो. शाळेतून सांगितलं की टेस्ट करून घ्या. टेन्शन आलंय. : बाबा

टेन्शन घेऊ नका. आपले ३ आणि ६ बघा, जवळजवळ एकमेकांचं आरशातलं रूप आहेत, तेव्हा या वयात तेच दोन गोंधळणं अगदी अपेक्षित आहे. मेंदूला जन्मापासून सवय असते की वस्तू डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, वस्तू तीच. ही सवय एरवी फार उपयोगाची असते, फक्त अक्षरं आणि अंक यांच्यापुरती ती मोडावी लागते आणि ती मोडायला सात-आठ वर्षांपर्यंत वेळ लागतो. स्वतःचा उजवा-डावा हात साधारण पाच-सहाव्या वर्षी पक्का होतो, समोरच्या माणसाचा उजवा हात कुठला हे त्याच्याही नंतर. बुटांच्या आतल्या बाजूला एकाच चित्राचे दोन अर्धे भाग चिकटवा, जोडून ठेवले की चित्र पूर्ण होतं, प्रश्न मिटतो.

टेस्ट कधी करायची? आठ वर्षांनंतरही अक्षरं उलटी येत असतील आणि सोबत वाचनही अडत असेल तर. किंवा अक्षरांपलीकडे पण बरंच काही अडत असेल तर, म्हणजे चेंडू झेलता येत नाही, बटणं लागत नाहीत, सायकल शिकायला खूप त्रास होतो, सारखा दारांना धडकतो. अशा वेळी डीसीडी, म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्यातली विकासातली अडचण, आहे का हे बघतात. शाळेच्या वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ही असते, आणि कितीतरी मुलं आयुष्यभर नुसती "वेंधळी" म्हणवून घेत राहतात ते बघून मला फार वाईट वाटतं.

मी तिसरीला शिकवते. वर्गात एक ऑटिझम असलेला मुलगा आहे. जिगसॉ पझल तो उलटं ठेवून, म्हणजे चित्राची बाजू खाली, नुसत्या तुकड्यांच्या आकारावरून लावतो. आम्ही सगळे त्याला "मॅप एक्स्पर्ट" समजत होतो. पण या वर्षी वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला तर तो रोज हरवतो, एकदा रडत जिन्यात बसलेला सापडला. हे एकाच मुलात कसं काय? : एक शिक्षिका

तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला कारण तुम्ही त्याच्या हरवण्याला "हट्ट" म्हटलं नाहीत, कारण शोधताय.

ठोकळे आणि पझल यांत ऑटिझम असलेली काही मुलं खरंच पुढे असतात, हे जुनं निरीक्षण आहे. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की मोठ्या चित्रात लपलेला छोटा आकार ही मुलं पटकन शोधतात. नंतर १९९३ मध्ये त्यांनी ठोकळ्यांच्या नक्षीचा प्रयोग केला तो मला जास्त आवडतो. त्यांनी काही नक्ष्या आधीच तुकडे सुटे करून दाखवल्या. इतर मुलांना त्याचा मोठा फायदा झाला, ऑटिझमच्या मुलांना फारसा नाही, कारण अखंड नक्षी बघतानासुद्धा त्यांना तुकडे आधीच दिसत होते. तुमचा विद्यार्थी पझल उलटं लावतो ते यातूनच येत असावं, चित्राची त्याला गरजच पडत नाही.

पण पझल टेबलावर असतं, एका नजरेत मावतं. इमारत मावत नाही. तिच्यातून चालताना मागे काय होतं ते लक्षात ठेवायचं, पुढे काय येईल ते आठवायचं, वळल्यावर सगळं आपल्याभोवती फिरतं ते सांभाळायचं, आणि हे सगळं जोडून डोक्यात एक नकाशा तयार करायचा. हातातल्या वस्तूंची समज आणि वाट शोधण्याची समज या आपल्या सगळ्यांमध्येच बऱ्याच अंशी वेगवेगळ्या असतात, एकीत हुशार माणूस दुसरीत हुशार असेलच असं नाही. लिझ पेलिकानो यांच्या गटाने २०११ मध्ये मुलांना एका खोलीत जमिनीवरच्या दिव्यांमधून लपलेली खूण शोधायला लावली होती, खूण जास्त वेळा एकाच बाजूला सापडायची. सगळ्यांचा अंदाज असा की नियम शोधण्यात ऑटिझमची मुलं पुढे असतील, पण प्रत्यक्षात त्यांचं शोधणं कमी पद्धतशीर निघालं. टेबलावर दिसणारी ताकद चालत्या-फिरत्या जागेत आपोआप येत नाही, एवढं यातून घ्या.

तुमच्यासाठी मला सुचतं ते असं. शाळा सुटल्यावर, गर्दी नसताना, त्याच्याबरोबर तो रस्ता चाला पण पुढे त्याला राहू द्या, तुम्ही मागे. वळणाच्या प्रत्येक ठिकाणी एक न हलणारी खूण ठरवा, नोटीस बोर्ड नको कारण त्यावरचे कागद बदलतात आणि या मुलांच्या नजरेत नेमका तो कागद भरलेला असतो, त्यापेक्षा खांब, पाण्याचा नळ, रंगवलेलं दार चांगलं. प्रत्येक खुणेचा फोटो काढून क्रमाने एका पट्टीवर लावून त्याच्या खिशात द्या. काही दिवसांनी त्या फोटोंवरून त्यालाच शाळेचा नकाशा तुकड्या-तुकड्यांत बनवायला सांगा, तुकडे जोडण्याची त्याची ताकद इथे कामी येईल. आणि "एक्स्पर्ट" म्हणणं थोडं कमी करा, कारण त्या नावामुळे त्याला मदत मागणं अवघड होतं. बाकी, ऑटिझमच्या प्रत्येक मुलात ठोकळ्यांची ताकद असते असं समजू नका, नसलेली मुलंही भरपूर असतात आणि त्यांच्या पालकांना असल्या गोष्टी ऐकून उगाच आपल्याच मुलात काही कमी असल्यासारखं वाटतं.

तुम्ही मागच्या वेळी लिहिलंत की घरात जागेचे शब्द भरपूर बोला, मुलं शिकतात. माझ्या नातवाला डाउन सिंड्रोम आहे, वय सात. आम्ही बोलून बोलून दमलो. "कपाटाच्या खालच्या खणात, डावीकडे, डब्याच्या मागे" सांगितलं की तो नुसता बघत बसतो. तुमचं म्हणणं पटलं नाही. : आजोबा

आजोबा, तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे. मागचं लिखाण सर्वसाधारण वाढ असलेल्या लहान मुलांबद्दल होतं. शिकागो विद्यापीठात शॅनन प्रूडन, सुझन लिव्हाइन आणि जॅनेलन हटनलॉकर यांनी ५२ मुलांच्या घरी जाऊन १४ ते ४६ महिन्यांच्या वयात त्यांच्या घरातलं बोलणं नोंदवलं होतं. ज्या घरांत मोठं, उंच, गोल, कोपरा, कड असे शब्द जास्त यायचे तिथली मुलं ते शब्द जास्त वापरू लागली आणि साडेचार वर्षांची झाल्यावर जागेच्या समजेच्या चाचण्यांत पुढे होती. ते खरंच आहे. पण डाउन सिंड्रोममध्ये कानावर पडलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं हेच बहुतेक वेळा कमजोर असतं, आणि तुमच्या वाक्यात तीन सूचना एकामागून एक आहेत, तिसरी येईपर्यंत पहिली निघून जाते. डोळ्यांनी बघितलेल्या जागा लक्षात ठेवणं त्या मानाने बरं असतं. त्यातही एक बारकावा आहे, एकामागून एक दाखवलेल्या जागा जास्त चांगल्या लक्षात राहतात, एकदम सगळी नक्षी समोर ठेवली तर जड जातं.

तेव्हा सांगू नका, दाखवा. बोट कपाटाकडे, थांबा. बोट खणाकडे, थांबा. मग डब्याकडे. प्रत्येक पायरीला एकच शब्द जोडा. खेळ पण तसेच, तीन वाट्या उपड्या ठेवून त्याच्यासमोर एक एक करून टकटक करायची आणि त्याने त्याच क्रमाने करायची, जमलं की चार वाट्या. विल्यम्सच्या मुलीसाठी मी वर शब्दांवर भर द्या लिहिलं आणि तुम्हाला उलट सांगतेय हे तुमच्या लक्षात आलं असेल, दोन्ही बरोबर आहे कारण दोन मुलांचे भक्कम कोपरे वेगवेगळे आहेत. म्हणून नुसतं निदानाचं नाव ऐकून कुणी सल्ला दिला तर लगेच घेऊ नका, आधी आपल्या मुलाकडे बघा.

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, आठ वर्षांची, व्हीलचेअर वापरते. बुद्धीने छान आहे. पण रोजच्या रस्त्यावरसुद्धा "आता कुठे वळायचं" विचारलं तर सांगता येत नाही. तिला चालता येत नाही म्हणून हे कधी येणारच नाही का? : आई

येईल. पाय हलले तरच जागा कळते असं नाही, आणि डोळ्यांनी दिसलं तरच कळते असंही नाही. बार्बरा लँडाऊ यांनी १९८१ मध्ये जन्मापासून दृष्टी नसलेल्या अडीच वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. तिला खोलीतल्या एका ठिकाणाहून काही वस्तूंपर्यंत नेऊन आणलं, तर त्या वस्तूंमधली आधी कधीच न चाललेली वाट ती स्वतः शोधू शकली. महत्त्वाचं काय असतं तर निर्णय कोण घेतंय. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाइन यांचा मांजराच्या पिल्लांवरचा प्रयोग गाजला होता, एक पिल्लू स्वतः चालायचं आणि त्याच्या चालण्याने दुसरं पिल्लू टोपलीत बसून फिरवलं जायचं. दोघांना दिसत तेच होतं पण टोपलीतल्या पिल्लाला नजरेच्या अंदाजाने पाऊल टाकणं जमेना. प्रयोग प्राण्यांवरचा आहे आणि तुमची मुलगी म्हणजे ते पिल्लू नव्हे, पण लहान मुलांच्या बाबतीतही हेच दिसलंय, की वाट स्वतः निवडली तर ती लक्षात राहते, कुणी नुसतं नेलं तर राहत नाही. गाडीत मागे बसून प्रवास करणाऱ्या आपल्यालाही रस्ता कुठे आठवतो.

तर खुर्ची ढकलायची तुम्ही, पण प्रत्येक वळणावर थांबायचं आणि ती सांगेल तिकडेच जायचं, चुकलं तरी. चुकू द्या हो, चुकल्यावर परत येतानाच नकाशा पक्का होतो. वेळ जाईल, रोज नाही जमणार, आठवड्यातून दोनदा केलं तरी चालेल. मोटरवर चालणारी खुर्ची शक्य असेल तर "अजून लहान आहे" म्हणून पुढे ढकलू नका. डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी बसून चालवायच्या खेळण्यातल्या गाड्यांमध्ये बदल करून अगदी तान्ह्या वयाच्या मुलांना स्वतःहून फिरायची संधी दिली होती, त्यामुळे वय हे कारण राहिलेलं नाही. डोळ्यांची आणि मेंदूच्या बघण्याच्या भागाची तपासणी मात्र करून घ्या, कारण सेरेब्रल पाल्सीमध्ये डोळे चांगले असूनही मेंदूकडून बघण्यात अडचण असू शकते आणि ती नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत सापडत नाही.

मी २२ वर्षांची आहे, अभ्यासात चांगली, पण लहानपणापासून ओळखीच्या रस्त्यावर हरवते. कुठला आजार नाही, अपघात नाही. मैत्रिणी हसतात.

तुमच्यासारखी माणसं आहेत. ज्युसेप्पे इयारिया यांनी २००९ मध्ये अशा एका व्यक्तीचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, मेंदूला इजा नाही, बाकी सगळं व्यवस्थित, फक्त डोक्यात जागेचा नकाशा तयार होत नाही. नंतर असे बरेच जण पुढे आले. फोनवरचा नकाशा बिनधास्त वापरा, रस्ते खुणांच्या यादीसारखे पाठ करा, आणि एकदा न्यूरोसायकॉलॉजिस्टला, म्हणजे स्मरण, लक्ष, जागेची समज यांच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाला, भेटा म्हणजे तुमच्याकडे लेखी काहीतरी राहील, नोकरीत फिरतीचं काम आलं तर ते दाखवता येईल.

मेंदूचा व्यायाम म्हणून एक अॅप आहे, महिन्याची फी बरीच आहे. "स्पेशियल आयक्यू वाढेल, गणित सुधारेल" म्हणतात. मुलाला लर्निंग डिसॅबिलिटी आहे. घ्यावं का?

"स्पेशियल" म्हणजे हीच जागेची समज, आणि ती सरावाने वाढते हे नक्की. डेव्हिड उटाल, नोरा न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र करून बघितले, सरावाचा मध्यम पण खरा फायदा दिसला आणि तो काही काळ टिकलाही. गणितावरही परिणाम होतो, पण तो त्याहून लहान असतो, आणि हात लावता येईल असं साहित्य वापरलं तिथे तो जास्त दिसतो. शिवाय यातले बहुतेक अभ्यास सर्वसाधारण मुलांवर आणि मोठ्यांवर झालेले आहेत, तुमच्या मुलासारख्या मुलांवर फार कमी, तेव्हा अॅपवाले कुठल्या जोरावर एवढी खात्री देतात ते त्यांना विचारा.

मी तुमच्या जागी असते तर पैसे आधी नीट असेसमेंटवर खर्च केले असते. आणि रिपोर्ट आला की शेवटचा एक आकडा बघून फाइल बंद करू नका, आतलं सबटेस्टचं पान काढा. ठोकळे, चित्रातला पॅटर्न, शब्द, आकडे लक्षात ठेवणं, प्रत्येकाचे वेगळे मार्क असतात. ज्या मुलाचा एक मार्क बारा आणि दुसरा चार आहे त्याची सरासरी काढली तर जे मूल हाती येतं ते खऱ्या मुलासारखं नसतंच. त्या पानाची झेरॉक्स शाळेत द्या, थेरपिस्टला द्या, आणि चारच्या शेजारी पेन्सिलने लिहून ठेवा की घरी नेमकं काय अडतं.